गिरणीच्या खळ्यातल्या सहा फेऱ्या

मास्तरांना खंडेराव आवडला नसता, तर दामूलाही तो आवडला असता. माणूस वाईट नव्हता. कमी बोलायचा, कुणाच्या वाटेला जायचा नाही आणि बॉक्सिंग त्याला खरोखर येत होतं. पण तो मास्तरांना आवडला आणि तिथून सगळं बिघडलं.

बोईसरजवळच्या दांडी गावचा दामू तामोरे तेव्हा तिशीला आला होता. घरची होडी होती, बायको नलू मासळी विकायची, अंगणात बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव होते. त्यातल्या कोपऱ्यातल्या मांडवाला दामूने शिडाच्या जाड कापडाची पिशवी टांगलेली होती. आत काथ्या आणि वाळू. सहा दिवस समुद्र आणि सातव्या दिवशी ती पिशवी, असा त्याचा नेम होता. गावाला त्यातलं काही कळत नव्हतं. गाव त्याला 'दामूची मारामारी' म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

ते कळणारा एकच माणूस होता, दिनानाथ सावे मास्तर. मास्तर माकुणसारचे. तरुणपणी मुंबईच्या गोदीत नोकरीला असताना ते बॉक्सिंग शिकले, गोऱ्या खलाशांशी लढले आणि पुढे गावी येऊन पानमळा करत राहिले. दामू अठरा वर्षांचा असताना केळव्याच्या जत्रेत त्याची तिघांशी जुंपली होती. मास्तर बाजूला उभे राहून बघत होते. मार खाताना या मुलाचे डोळे मिटत नाहीत, एवढंच त्यांनी पाहिलं आणि पुढच्या रविवारी पत्ता विचारत दांडीला येऊन थडकले. तेव्हापासून बारा वर्षं दर रविवारी ते सफाळ्याला गाडीत बसायचे, बोईसरला उतरायचे, स्टेशनाजवळच्या दुकानात ठेवलेली आपली सायकल काढायचे आणि नऊच्या आत दामूच्या अंगणात हजर व्हायचे. दामू सदुसष्ट किलोच्या आत बसायचा. त्या वजनाला वेल्टरवेट म्हणतात, हेही त्याला त्यांनीच सांगितलं. दोनदा ते त्याला मुंबईच्या स्पर्धांना घेऊन गेले. एकदा तो अंतिम लढतीपर्यंत पोचला आणि हरला. परतीच्या गाडीत मास्तर सफाळ्यापर्यंत त्याच्यावर ओरडत आले होते. दामूला तो प्रवास आयुष्यभर आठवायचा, कारण इतका वेळ त्याच्यासाठी कुणीच खर्च केला नव्हता.

मग तारापूरच्या किनाऱ्यावर अणुवीज केंद्राचं काम निघालं. बोईसरच्या आसपास कामगारांच्या वसाहती उठल्या, रस्त्यावर हिंदी ऐकू यायला लागली. परभणीकडचा खंडेराव त्याच लोंढ्यात आला. आधी तो फौजेत होता आणि पलटणीच्या संघातून लढलेला होता. इथे उंचावर लोखंडी तुळया चढवायचं काम त्याला मिळालं. एका रविवारी तो सायकलच्या दुकानात पंक्चर काढून घेत उभा होता. मास्तरांनी त्याचं बसकं नाक पाहिलं, त्याची उभं राहायची ढब पाहिली आणि विचारलं, किती वर्षं लढलास?

त्या दिवशी मास्तर दांडीला पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. दामू पिशवीजवळ बसून होता. मास्तर सायकलवरून उतरता उतरताच सांगायला लागले, की एक माणूस भेटला, तुझ्याच वजनाचा, त्याचा डावा हात असा येतो की दिसत नाही. दामूने विचारलं, तुम्ही त्याला लढताना बघितलं का? मास्तर म्हणाले, बघितलं ना, दुकानामागे दहा मिनिटं हात करून दाखवले त्याने.

पुढच्या रविवारी मास्तर अकराला आले. त्याच्या पुढच्या रविवारी बाराला. बोईसरच्या वसाहतीत एक पत्र्याची रिकामी शेड होती, तिथे त्यांनी खंडेरावला शिकवायला घेतलं होतं. दामूला ते सगळं सांगत. लपवण्यासारखं त्यांना काही वाटतच नव्हतं. खंडेरावला हे सांगितलं, खंडेरावने ते लगेच उचललं, खंडेराव फौजेत असं करायचे असं म्हणतो. दामू पिशवीवर ठोसे मारत राहायचा आणि ऐकत राहायचा. एकदा मास्तरांनी त्याला खांद्याची एक नवीन हालचाल दाखवली. ती चांगली होती. पण ती खंडेरावकडून आली आहे हे कळल्यावर दामूने ती पुन्हा केली नाही. येत नाही म्हणाला.

नलू वसाहतीत मासळी विकायला जायची. तिथे खंडेरावच्या बायकोशी, रंभाबाईशी तिची ओळख झाली. रंभाबाईने एकदा तिच्यासोबत ज्वारीच्या दोन भाकऱ्या पाठवल्या. दांडीत ज्वारी कोण खातो. नलूला त्याचं अप्रूप होतं. दामूने विचारलं, कुणी दिल्या? कळल्यावर त्याने त्या दोन्ही कोंबड्यांना घातल्या. नलूने ओळखलं. दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं ती नंतर शेजारणीला म्हणाली. तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेल्या असतात, हाताला काम नसतं. त्या दिवसांत दामू रविवारी सकाळी उठून बोईसरला जायला लागला. शेडच्या मागच्या बाजूला पत्र्यात फट होती. तिथे उभं राहून तो बघायचा. असे त्याने पाच रविवार काढले. मास्तर हातांना जाड गाद्या बांधून खंडेरावसमोर फिरायचे, ओरडायचे, मध्येच थांबून त्याचा खांदा धरून हलवायचे. त्या प्रत्येक हलवण्याचा धक्का दामूला स्वतःच्या खांद्याला बसायचा. तो मास्तरांचा चेहरा बघायला जायचा, पण बघता बघता खंडेरावच त्याला पाठ झाला. तो श्वास कधी घेतो, थकला की कुठला पाय ओढतो. आणि चौथ्या रविवारी त्याला आणखी एक गोष्ट दिसली.

रंभाबाई नवऱ्यासाठी चहा घेऊन आली होती. ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली, मग काहीतरी आठवल्यासारखी वळसा घालून उजव्या बाजूला गेली आणि मग तिने पेला पुढे केला. दामूला ते विचित्र वाटलं. पाचव्या रविवारी तो फक्त तेवढंच बघत राहिला. खंडेरावच्या डावीकडून एक कुत्रं अगदी जवळून गेलं तरी त्याची मान हलली नाही. पायाला शेपूट लागल्यावर तो दचकला. त्याला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं.

दामू घरी आला आणि कुणाला बोलला नाही. उंचावर काम करणाऱ्या माणसाचा एक डोळा गेलेला आहे हे कळलं तर त्याची नोकरी जाईल, एवढं त्यालाही समजत होतं. नोकरी घालवायची त्याची इच्छा नव्हती. त्याला खंडेरावला मास्तरांच्या समोर पाडायचं होतं.

पालघरला धर्माजी म्हणून एक भाताच्या गिरणीचा मालक होता. हौशी माणूस. दरवर्षी दिवाळीनंतर, भात झोडून झालं की गिरणीच्या खळ्यात कुस्त्या लावायचा. दामू त्याला जाऊन भेटला आणि म्हणाला, या वर्षी कुस्त्यांबरोबर एक बॉक्सिंगची लढत लावा, मी आणि बोईसरचा खंडेराव. धर्माजीने आनंदाने होकार दिला. खंडेरावकडे निरोप गेला. तोही हो म्हणाला.

मास्तरांनी मात्र ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, ही लढत नको. दामूने कारण विचारलं तर सांगेनात. दोनदा धर्माजीकडे जाऊन त्यांनी लढत रद्द करायला सांगितली. दामूने त्याचा एकच अर्थ लावला. मास्तरांना भीती वाटते, ती माझी नाही, त्याची. त्याला काही होईल याची.

लढतीच्या आदल्या रविवारी मास्तर दांडीला आले आणि म्हणाले, की ते खंडेरावच्या कोपऱ्यात उभे राहणार आहेत.

दामूला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं.

"तुझ्यामागं आख्खी दांडी हाय," मास्तर म्हणाले. "त्याच्यामागं कोण हाय? परका माणूस तो."

"बारा वर्सं मी काय होतो मग?"

मास्तरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. काहीतरी सांगावंसं त्यांच्या मनात आलं होतं, ते त्यांनी गिळलं. दिलेला शब्द मोडणारा तो माणूस नव्हता, आणि ती गोष्ट कुणाला न सांगण्याचा शब्द त्यांनी खंडेरावला दिलेला होता. दामूला हे कळलं ते नंतर. त्या दिवशी मास्तर सायकल घेऊन निघून गेले तेव्हा तो अंगणातून उठलासुद्धा नाही.

डिसेंबर महिन्याची दहा तारीख, सदुसष्ट साल, रविवार. खळ्याच्या मधोमध चार खांब रोवून त्यांना दांडीहून नेलेले होडीचे दोर बांधले होते. खाली ताडपत्री, तिच्याखाली भाताचा पेंढा. सकाळपासून कुस्त्या झाल्या, मोठी कुस्ती संपली आणि निम्मी माणसं जेवायला पांगली. उरली ती दीड-दोनशे. त्यांत वसाहतीतले पन्नासेक कामगार, दांडीची तेवढीच माणसं आणि बाकी पालघरचे रिकामे लोक. मुंबईच्या एका वर्तमानपत्राचा वामन नावाचा बातमीदार कुस्त्यांसाठी आला होता. त्याची परतीची गाडी चारला होती, म्हणून तो थांबला. आमच्या भागातल्या सर्वांत चांगल्या लढतीला एवढेच साक्षीदार लाभले.

फेऱ्या सहा ठरल्या होत्या, तीन तीन मिनिटांच्या. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मुख्य पंच होते, आणखी तिघे गुण मांडायला बसले होते. दामूच्या कोपऱ्यात त्याच्या होडीवरचा नवशा पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. समोरच्या कोपऱ्यात मास्तर खंडेरावच्या हातमोज्यांच्या नाड्या बांधत होते. दामूच्या नाड्या त्यांनी बारा वर्षं बांधल्या होत्या. गाठीचं टोक ते आत खुपसायचे आणि मग मनगटावर दोनदा थोपटायचे. दामू बघत होता. त्यांनी खंडेरावच्या मनगटावर दोनदा थोपटलं.

पहिल्या फेरीत खंडेरावच्या डाव्या हाताने दामूला तोंड वर काढू दिलं नाही. मास्तर खोटं बोलले नव्हते, तो हात दिसत नव्हता. दुसऱ्या फेरीत दामू आत घुसला, बरगड्यांवर चार-पाच ठोसे बसवले, बदल्यात ओठ फोडून घेतला. लोक आधी हसत होते, शिट्ट्या मारत होते. दुसरी फेरी संपेपर्यंत शिट्ट्या बंद झाल्या. दोन माणसं एकमेकांना इतकी ओळखून मारू शकतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या फेरीची घंटा वाजली आणि दामू खंडेरावच्या डावीकडे सरकायला लागला. सरकत राहिला, मग उजवा हात बाहेरून, लांबून, अर्धवर्तुळात फिरवला. तसा ठोसा शहाणा बॉक्सर मारत नाही, कारण समोरच्याला तो येताना आरामात दिसतो. खंडेरावला दिसला नाही. तो सरळ कानशिलावर बसला. दामूने पुन्हा तोच मारला. पुन्हा बसला. तिसऱ्या वेळी खंडेरावचा गुडघा वाकला, पण तो दोराला रेलून उभा राहिला.

त्या क्षणी खंडेरावने दामूकडे पाहिलं नाही. त्याने मान वळवून आपल्या कोपऱ्याकडे, मास्तरांकडे पाहिलं.

घंटा झाली. नवशा दामूच्या तोंडावर पाणी मारत होता, आणि दामू त्याच्या हातावरून पलीकडे बघत होता. मास्तर ओला टॉवेल घेऊन खंडेरावचं कपाळ पुसायला वाकले. खंडेरावने डोकं मागे घेतलं. मास्तर काहीतरी बोलले. खंडेरावने त्यांच्या हातातून बाटली घेतली आणि स्वतःच चूळ भरली. डोळ्याची गोष्ट या मुलुखात दोनच माणसांना ठाऊक होती, बायकोला आणि मास्तरांना. बायको तर दामूला सांगणार नव्हती, म्हणजे खंडेरावच्या लेखी फोडलं ते मास्तरांनी.

दामूला हे सगळं त्या एका मिनिटात समजलं. आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. कितीतरी महिन्यांनी पोटातली आग थंड झाल्यासारखं वाटलं. दोघांचं तुटलं, असं तो मनात म्हणाला.

चौथ्या फेरीला खंडेराव आला तो उलटा उभा राहून. उजवा पाय पुढे, उजवा खांदा पुढे, चांगला डोळा दामूवर. असं उभं राहून लढायचं तो कधी शिकला नव्हता, ते त्याच्या पायांवरून कळत होतं. पण आता त्याच्या कोपऱ्यात त्याच्या लेखी कुणीच नव्हतं, आणि तो जसा लढला तसा एकटा पडलेला माणूसच लढतो. चौथी फेरी बरोबरीत गेली. पाचव्या फेरीत त्याचा डावा हात, जो आता मागे होता, खालून आला आणि दामू ताडपत्रीवर बसला. आयुष्यात पहिल्यांदा. पंचांनी दहापैकी सात अंक मोजेपर्यंत तो एका गुडघ्यावर होता, आठला उठला. उठल्यावर त्याला दांडीच्या माणसांचा आवाज येत नव्हता. त्याला मास्तरांचा आवाज हवा होता, आणि मास्तर दोराला दोन्ही हात लावून गप्प उभे होते.

सहाव्या फेरीत दोघांपैकी कुणीही मागे सरलं नाही. खळ्याच्या मध्यावर कपाळाला कपाळ लावून दोघं एकमेकांना मारत राहिले. जेवून परत आलेली माणसं खळ्याच्या दारातच थांबली. धर्माजी खुर्चीवर उभा राहिला होता. शेवटची घंटा वाजली ती दोघांनाही ऐकू आली नाही. पंचांनी मध्ये हात घालून त्यांना सोडवलं.

तिघांपैकी दोघांनी दामूच्या बाजूने गुण दिले, एकाने खंडेरावच्या. दामू जिंकला. नवशाने त्याला उचलायचा प्रयत्न केला. वामन बातमीदार पुढे येऊन म्हणाला, की मुंबईत त्याने दहा वर्षं बॉक्सिंग पाहिलं आहे, या वजनात अशी लढत पाहिली नाही, उद्याच्या अंकात नाव वाचा.

खंडेराव दोराखालून बाहेर आला, दामूपाशी आला, त्याने दामूच्या मोज्याला मोजा लावला. मग तो मास्तरांकडे वळला. तो मोठ्याने बोलला नाही, पण आजूबाजूची माणसं गप्प झालेली होती.

"आज दोन्ही कोपऱ्यांत तुमीच व्हता, मास्तर."

मास्तर दामूकडे बघत राहिले. एक शब्द पुरला असता. मीच ओळखलं, मास्तरांनी काही सांगितलं नाही, असं दामू म्हणाला असता तर तिथल्या तिथे मिटलं असतं. मास्तर त्या शब्दाची वाट बघत होते. दामूने मान खाली घातली आणि दातांनी मोज्याची गाठ सोडवायला लागला.

खंडेराव वसाहतीच्या माणसांबरोबर निघून गेला.

वर्तमानपत्रात नाव आलं नाही. सोमवारी पहाटे कोयनेला भूकंप झाला. दांडीतसुद्धा भांडी वाजली. दोन दिवसांनी आलेल्या अंकात पडलेली घरं आणि मेलेली माणसं होती, गिरणीच्या खळ्याला कुठे जागा असणार. पुढे वामन भेटला तेव्हा म्हणाला, मजकूर दिला होता, कुठे गेला कुणास ठाऊक. दामूने मान डोलावली. त्या लढतीची कुठे नोंद राहिली नाही याचं त्याला दुःख झालं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी नऊच्या आत मास्तर अंगणात हजर होते. त्याच्या पुढच्याही. बोईसरला आता ते फक्त सायकल घ्यायला थांबायचे. खंडेरावने शेड सोडली होती, हातमोजे कुणाला तरी देऊन टाकले होते, हे नलूकडून कळलं. मास्तर रस्त्यात दिसले तर तो वाट बदलतो, हेही तिनेच सांगितलं.

दामूला हवं होतं ते सगळं मिळालं. पण मास्तर आता ओरडत नव्हते. हात खाली पडला तर 'हात' एवढंच म्हणायचे. पाय चुकला तर ते बघायचे आणि सोडून द्यायचे. चहा प्यायचे, पानमळ्याचं विचारलं तर सांगायचे, आणि दोन वाजले की उठायचे. मास्तर समोर बसलेले असताना दामूला वाटायचं, की ते शेडमध्ये आहेत, त्या माणसाबरोबर. जिंकूनही त्याचा मत्सर तसाच होता, फक्त आता ज्याचा मत्सर करायचा तो माणूस समोर नव्हता.

असे सोळा महिने गेले. एकोणसत्तरच्या एप्रिलमधल्या एका रविवारी मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "एक सांग. त्याच्या डोळ्याचं तू कसं ओळखलंस?"

दामूने सांगितलं. फट, पाच रविवार, चहाचा पेला, कुत्रं. काही राखून ठेवलं नाही.

मास्तरांनी कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "समोरच्याला बघायला शिक म्हणून मी तुला बारा वर्सं सांगत होतो. चांगलं शिकलास."

ते उठले, सायकलला टांग मारली आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

तिसऱ्या रविवारी नलू म्हणाली, केंद्राचं काम संपत आलंय, रंभाबाई सामान बांधतेय, आठवड्याभरात ती माणसं राजस्थानातल्या कामावर जाणार. एवढं बोलून ती टोपली उचलायला वळली. दामूने सदरा घातला आणि तिच्याआधी घराबाहेर पडला.

खंडेराव खोलीबाहेर वळकटी दोरीने आवळत होता. दामूला बघून त्याने हात थांबवले. रंभाबाईने आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि पुन्हा आत गेली. दामू उभ्या उभ्याच बोलला. मास्तरांनी काही सांगितलं नव्हतं, मी चोरून बघत होतो, मला दिसलं. एवढं बोलायला त्याला सोळा महिने लागले होते, आणि सांगून झालं ते पाव मिनिटात.

खंडेराव वळकटीवर बसला.

"त्या दिवशी कामून बोलला नाहीस?"

"मास्तर माझ्याकडं परत येतील म्हणून."

खंडेराव जमिनीकडे बघत राहिला. दामूला वाटलं, आता तो उठेल आणि मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण खंडेराव बोलायला लागला तो हळूच. म्हणाला, मास्तर शेडमध्ये यायचे तेव्हा पहिली गोष्ट तुझी. दामूचा उजवा असा, दामूचे पाय तसे, दामू मार खाताना डोळे मिटत नाही. एक रविवार असा गेला नाही की तुझं नाव निघालं नाही. मी मनात म्हणायचो, हा मला शिकवत नाहीच, हा दामूलाच शिकवतोय, मी नुसता पिशवीच्या जागी हाय.

"म्हणून तू डावीकून पहिला ठोसा मारला तवाच मला वाटलं, मास्तरांनीच तुला सांगितलं," तो म्हणाला. "माझा असा समज व्हायला येळच लागला नाही."

आत रंभाबाई भांडी पोत्यात भरत होती. शेवटी खंडेरावने विचारलं, माकुणसारला गाडी किती वाजता आहे?

दुपारच्या गाडीने ते सफाळ्याला उतरले आणि चालत माकुणसारला गेले. मास्तरांची बायको, पुष्पलताकाकी, ओसरीवर पानांच्या जुड्या बांधत होती. तिने दामूला ओळखलं, दुसऱ्या माणसाकडे पाहिलं आणि काही न विचारता मळ्याकडे बोट केलं. दामू ओसरीवरच बसला. तू जा, असं त्याने खंडेरावला हातानेच सांगितलं.

वेलींच्या आड ते काय बोलले हे दामूला ऐकू आलं नाही. काकीने त्याच्यासमोर केळी ठेवली, तो खात बसला. बऱ्याच वेळाने मळ्यातून मास्तरांचा आवाज आला. ते ओरडत होते. उलटा उभा राहिलास तेव्हा मागचा पाय कुठे होता तुझा, तुला कुणी सांगितलं होतं असं उभं राहायला, पाचव्या फेरीतच तुझी बरगडी उघडी पडली होती आणि त्या गाढवालाही ती दिसली नाही. दामूने केळ्याची साल हातातच धरून ठेवली. सोळा महिन्यांत त्याच्यावर कुणी असं ओरडलं नव्हतं. पोटात तीच जुनी आग पुन्हा उठली, आणि त्या आगीसकट त्याला हसू आलं. काकी त्याच्याकडे बघत राहिली.

खंडेराव आठवड्याने राजस्थानला गेला. पुन्हा तो कधी लढला नाही, आणि दामूही लढला नाही. बत्तीस वर्षांच्या कोळ्याशी लढायला कोण येणार होतं. पण मास्तर रविवारी यायला लागले, आणि ओरडायलाही. महिन्या-दोन महिन्यांनी खंडेरावचं पत्र मास्तरांना यायचं. आलं की मास्तरांची सायकल लांबूनच वेगळी वाजते असं दामूला वाटायचं. पूर्वीचा दामू ते पोटात ठेवून पिशवी बडवत बसला असता. आता तो म्हणायचा, "आज पत्र आलंय वाटतं. खुशीत हाव."

"हाय खुशीत," मास्तर म्हणायचे. "तुला त्रास होतो काय?"

"होतो."

"होऊं दे. हात वर घे."